चाकाऐवजी बाटली

नव्या गाडीची डिकी उघडा आणि तळाचा गालिचा उचला. चाक असायला हवं तिथे थर्मोकोलचा एक सुबक कप्पा दिसेल. कप्प्यात मुठीएवढा पंप आणि एक बाटली. बाटलीत पांढरा, चिकट, दुधासारखा द्रव. पंधरा-वीस लाख मोजून आपण डिंक विकत घेतलाय, हे मालकाला बहुधा पहिल्या पंक्चरच्या दिवशीच कळतं. तोवर तो ‘बूट स्पेस’वर खूश असतो.

हे सगळं कायदेशीर आहे बरं का. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. साडेतीन टनांच्या आतली, चालक धरून नऊ आसनांपर्यंतची गाडी. टायर ट्यूबलेस, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट, एवढं जमलं की स्टेपनीची सक्ती नाही. कारण काय? म्हणे जागा वाचेल आणि विजेच्या गाड्यांत मोठी बॅटरी मावेल. विजेच्या गाडीचं एक वेळ समजतो. पण पेट्रोलच्या गाडीत त्या खड्ड्यात कोणती बॅटरी ठेवणार? टॉर्चची?

आणि ती दाब सांगणारी यंत्रणा! तिचं काम काय, तर टायरमधली हवा गेली की समोर पिवळा दिवा लावणं. उत्तम. आभारी आहोत. पुढे? पुढे काही नाही. घरात चोर शिरल्यावर फक्त घंटा वाजवणाऱ्या गुरख्याला तुम्ही कुलूप काढून टाकायला सांगाल का? इथे सांगितलंय. राजपत्रात.

स्टेपनीमुक्तीच्या पुरस्कर्त्यांचा पहिला सिद्धान्त वजनाचा. चाकाचं वजन पंधरा-वीस किलो, ते फुकट वाहायचं, इंधन जाळायचं, वसुंधरेवर अत्याचार करायचा! हे सांगणारा गृहस्थ दोन टनांच्या एसयूव्हीतून एकटा ऑफिसला जातो. त्यानं छतभर काच बसवून घेतलेली असते आणि एप्रिल ते जून तिच्यावर पडदा ओढून ठेवलेला असतो. विजेची गाडी असेल तर पोटाखाली कित्येक शे किलोंची बॅटरी. तिथे पर्यावरण गप्प. पर्यावरणाला खुपतं ते एकटं बापडं चाक.

जाहिरात बघा त्याच गाडीची. ती नदी ओलांडते, वाळवंट तुडवते, हिमालयाच्या कड्यावर उभी राहून सूर्योदय बघते. ‘जिथे रस्ता संपतो तिथे’ वगैरे. जिथे रस्ता संपतो तिथे डिंकाची बाटली! आणि आमची रिक्षा, जी स्टेशनपासून घरापर्यंत जाते, ती बिचारी आजही तीन चाकांवर चौथं बाळगून असते. बजाज चेतकची चाकं दोनच, पण तिसरं अंगावर वागवायची; पुढे लावा, मागे लावा, तिची तक्रार नसे. दोन चाकांच्या स्कूटरला जे व्यवहारज्ञान होतं ते चार चाकांच्या ‘ॲडव्हेंचर व्हेइकल’ला नसावं, ह्याला तंत्रज्ञानाची घोडदौड म्हणतात.

दुसरा सिद्धान्त जरा खरा आहे, म्हणून तो नीट तपासू. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, बाटलीतला द्रव भोक बुजवतो, तुम्ही पंक्चरवाल्यापर्यंत पोचता. मान्य. शंभर टक्के मान्य. खिळा जर शिस्तीचा असेल, टायरच्या मधोमध जमिनीला टेकणाऱ्या भागातच घुसला असेल आणि भोक चार-सहा मिलिमीटरच्या पुढे गेलं नसेल, तर बाटली चालते. बाजूची भिंत फाटली तर चालत नाही. हे मी म्हणत नाही, गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलंय. ते कोणी वाचत नाही एवढंच. त्याच पुस्तकात असंही आहे की बाटलीला मुदत असते. औषधासारखी तिच्यावर तारीख छापलेली असते. तुमच्या बाटलीची कधी संपते? बघा, जाऊन बघा. मी थांबतो.

आता सांगा, आपल्याकडे टायर मरतो कशानं? खिळ्यानं? खिळा ही परदेशी चैन. आपला टायर मरतो खड्ड्याच्या काठावर. पावसाच्या पाण्यानं भरलेला खड्डा, आत डांबराची धारदार कड. चाक आदळलं की रिम आणि कड यांच्या मध्ये टायरची भिंत चिमटली जाते आणि आतले दोरे तुटतात. मग एक तर सरळ चीर, नाहीतर लिंबाएवढा फुगा. त्यातून हल्लीच्या गाड्यांना अलॉय एवढे मोठे आणि टायर एवढे बारीक, की रबराची नुसती किनार वाटावी. दिसतं झकास. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. त्या रस्त्यावर ही किनार घेऊन निघायचं आणि सोबत काय, तर जी भिंतीला चालत नाही ती बाटली.

रस्ता चांगला असेल तर? समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटर काँक्रीट, ताशी १२० ची मुभा. सप्टेंबर २०२५ मध्ये दौलताबादजवळ तिथेच रात्री काही गाड्यांचे टायर एकापाठोपाठ पंक्चर झाले. रस्त्यात खिळे ठोकल्याचे व्हिडिओ फिरले. रस्ते विकास महामंडळानं तातडीनं खुलासा केला, की ते खिळे नव्हेत. काँक्रीटच्या भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेले ॲल्युमिनियमचे नोझल आहेत. टायरांना हा पारिभाषिक भेद वेळेवर कळला नाही. असो. रस्ता दुरुस्त करण्याच्या साधनानंच गाडी बसते अशा प्रदेशात आपण राहतो, आणि इथे पाचवं चाक ‘जुनाट मानसिकता’!

तिसरा सिद्धान्त माझा लाडका. ‘रोडसाइड असिस्टन्स आहे ना!’ आहे ना. तुम्ही अणुस्कुरा घाटात, धुकं, मोबाइलला अर्धी दांडी. पलीकडून मधाळ आवाज: ‘सर, नियरेस्ट लँडमार्क सांगाल?’ काय सांगणार? डावीकडे कडा, उजवीकडे दरी, समोर माकड. माकड जागा बदलतंय. अखेर गाडी उचलणारा ट्रक येतोही, अगदी यंत्रणा कार्यक्षम धरू. तो तुम्हाला तालुक्याला सोडतो. तालुक्याचा टायरवाला फाटलेली भिंत बघतो, साइझ वाचतो आणि शांतपणे म्हणतो, ‘अठराचा? हा आपल्याकडं कोण ठेवत नाही साहेब. कोल्हापूरहून मागवायला लागंल. उद्या रविवार.’ सोमवारपर्यंत तुम्ही, कुटुंब आणि ती ऐसपैस बूट स्पेस लॉजवर. सामान ठेवायला जागा भरपूर.

ह्यात एक गोष्ट स्टेपनीमुक्तांना कधीच दिसत नाही. ‘हल्ली चाक बदलतं कोण?’ असं ते तुच्छतेनं विचारतात. तुम्ही नाही बदलत हो, तुमच्या नखांवरून कळतं. पण घाटात गाडी बाजूला दिसली की ट्रकवाला थांबतो. दुधाचा टेम्पोवाला थांबतो. टॉमी घेऊन उतरतो, ‘सरका साहेब’ म्हणतो, गाडी जॅकवर चढायच्या आधी नट सैल करतो (हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं), आणि चहाला जेमतेम हो म्हणून निघून जातो. ह्या माणसाच्या हातात द्यायला काहीतरी लागतं. चाक असेल तर तुम्हाला मदत मिळते. बाटली असेल तर फक्त सल्ले मिळतात, आणि ते गावागणिक वेगळे असतात.

आता आपल्या बाजूच्या लोकांनी फार हसू नये. स्टेपनी बाळगणारे म्हणजे काही सगळे दूरदर्शी ऋषी नव्हेत. गाडी घेतल्यापासून स्टेपनीत हवा न भरलेले महाभाग मला ठाऊक आहेत. पंपावर पोऱ्या चार चाकांत हवा भरतो, ‘स्टेपनी?’ विचारतो, आणि हे हात हलवतात: राहू दे. का राहू दे? कारण वर सामान आहे. गणपतीला कोकणात निघालेली गाडी बघा: सर्वांत खाली स्टेपनी, तिच्यावर तांदळाचं पोतं, मखर, आजीची औषधं, तीन पिशव्या आणि तळहातावर जपायचा मोदकाचा साचा. पंक्चर झालं की वडखळच्या कडेला प्रदर्शनच. बाहेरून गॅसकिट बसवलेल्यांची तर आणखी तऱ्हा. स्टेपनी टाकीखाली अशी गाडलेली, की काढायला पुरातत्त्व खातं बोलवावं.

आणि ते अर्धवट चाक! कंपनीचा मध्यममार्ग. चार चाकं सतरा इंची अलॉय, पाचवं बारीक, लोखंडी, वर पिवळा कागद: ताशी ८० च्या पुढे जाऊ नका. एरवी मी ह्या कंजूसपणावर पानभर लिहिलं असतं. पण बाटली आल्यापासून त्या रोडक्या चाकाबद्दलही मनात माया दाटून येते. निदान गोल आहे.

शोरूममध्ये ह्यावर चर्चा होत नाही. तिथला टाय लावलेला तरुण म्हणाला, ‘सर, स्टेपनीचा कन्सेप्टच आता आउटडेटेड झालाय.’ मी म्हटलं, बरं, मग चार ऐवजी पाच चाकांचे पैसे घेत होतात, त्यातलं एक गेलं; किंमत कितीनं उतरली? तो आत जाऊन साहेबांशी बोलून आला. किंमत वाढली होती. स्टेपनी हवीच असेल तर ॲक्सेसरीज विभागात मिळेल म्हणाला, मॅट आणि मडफ्लॅपच्या शेजारी, वेगळं बिल होईल. ‘पण सर, तुमच्यासाठी एक करतो,’ असं म्हणत त्यानं खणातून डॅशबोर्डवर लावायची अत्तराची बाटली काढली. ‘ही कॉम्प्लिमेंटरी.’

म्हणजे बाटल्या दोन झाल्या.