चिठ्ठीखाली सही कोणाची?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जानेवारी २०२५ मध्ये एक विधेयक मांडले गेले. राज्याने अधिकार दिला आणि तेथील अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली, तर कृत्रिम बुद्धिमत्तेलाच औषधे लिहून देण्याचा हक्क असावा, असा त्याचा आशय. पुढे जानेवारी २०२६ मध्ये युटा राज्याने जुनाट आजारांच्या चालू औषधांची चिठ्ठी यंत्राकरवी नव्याने देण्याचा प्रयोग एका खासगी कंपनीला करू दिला. डॉक्टर अपुरे आहेत, यंत्र स्वस्त आहे आणि ते थकत नाही, असे त्याचे समर्थन केले जाते. आपल्यातलेही काही या युक्तिवादावर मान डोलावतात, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

चालू औषध पुन्हा देणे ही निव्वळ कारकुनी आहे काय? रक्त गोठू न देणारे वॉरफरिन घेणारा वृद्ध गुडघेदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन आणून खातो. त्याच्या लेखी ते 'औषध' नव्हेच, म्हणून तो ते सांगत नाही. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. जाणता डॉक्टर खोदून विचारतो, चेहऱ्यावरचा फिकेपणा पाहतो. यंत्राला दिसते ते रुग्णाने सांगितले तेवढेच.

आणि घात झाल्यावर दाद कोणाकडे मागायची? मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. सही करणाऱ्या डॉक्टरला वैद्यक परिषदेपुढेही उभे करता येते. यंत्राची कोणती सनद काढून घेणार? कंपनी म्हणेल, आम्ही केवळ साधन पुरवले. रुग्णालय म्हणेल, आम्ही कंपनीवर विसंबलो. आणि रुग्णाने न वाचता मान्य केलेल्या अटींचा कागद पुढे केला जाईल.

याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॅक्टिस फ्युजन कंपनीचे रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर अमेरिकेतील अनेक दवाखाने वापरीत. अफूवर्गीय वेदनाशामके बनवणाऱ्या एका कंपनीकडून पैसे घेऊन तिने डॉक्टरांच्या पडद्यावरील सूचनांची रचना अशी केली की त्या औषधांचा खप वाढावा. तेही तेथे या औषधांच्या व्यसनाने माणसे मरत असताना! जानेवारी २०२० मध्ये तिने हे कबूल केले आणि साडेचौदा कोटी डॉलर भरण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले. त्या व्यवहारात मध्ये निदान डॉक्टर तरी होता; तो सूचना झिडकारू शकत होता. डॉक्टर देवमाणसे आहेत असा आमचा दावा नाही. औषध कंपन्यांच्या भेटवस्तू कोणाच्या टेबलावर पोचतात हे कोणाला ठाऊक नाही? पण त्या लाचखाऊलाही नाव-गाव असते, त्याला पकडता येते.

आपल्याकडे २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी याबाबत स्वच्छ भूमिका घेतली. कृत्रिम बुद्धिमत्तेने डॉक्टरला साहाय्य करावे. रुग्णाला सल्ला देऊ नये, औषध लिहून देऊ नये. हे कुंपण मोडण्याची मागणी उद्या होईल ती खेड्यातल्या गरिबाचे नाव घेऊनच. जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टरची जागा रिकामी आहे, तेथे यंत्र बसवले की ती जागा भरण्याची निकडच संपते. शहरातल्या श्रीमंताला डॉक्टर, आदिवासी पाड्याला पडदा!

दोन औषधांतला विरोध यंत्राने डॉक्टरच्या नजरेस जरूर आणावा. त्याला आमची हरकत नाही. पण नियम सैल करा म्हणणाऱ्यांना कार्यकर्त्यांनी आधी तीन गोष्टी विचाराव्यात: भरपाई कोण देणार हे कायद्यात कोठे लिहिले आहे, यंत्राच्या मालकाला कोणत्या औषध कंपनीकडून पैसे मिळतात, आणि चिठ्ठीखाली कोणत्या माणसाची सही असेल?