तोरण उकिरड्यावर टाकू नये

आमचे आबा म्हणतात, फुलांनी काय पोट भरतंय? मला हे पटत नाही. दसऱ्याला फुले लागतातच. मग दर वर्षी विकत का आणायची?

मागल्या दसऱ्याचे तोरण आईने उकिरड्यावर टाकायला दिले. मी टाकले नाही. वाळलेला झेंडू चुरून बी काढले. बी काळे, बारीक काडीसारखे असते. आषाढात ते मोरीच्या कडेला पेरले. सहा दिवसांत उगवले. खत घातले नाही, औषध मारले नाही. शेंडा खुडला की फांद्या फुटतात, असे गुरुजींनी सांगितले होते. तसे केले. झाडे माझ्या छातीला लागली. वाऱ्याने लवू लागली म्हणून तुराट्यांचा आधार दिला.

यंदा दाराला घरचे तोरण लागले. शेजारच्या काकूंनापण पाटीभर फुले दिली. आबा काही बोलले नाहीत. पण औताला हार त्यांनीच घातला.

झेंडू मूळचा मेक्सिको देशातला आहे. तरी आपल्या मातीत सहज येतो. म्हणून मुलांनो, तोरण फेकू नका, बी धरा. ज्याला पाहिजे त्याने माझ्याकडून मूठभर न्यावे. थोडे शाळेच्या कुंपणाला लावू.

– इयत्ता चौथी