एकाच मागच्या दिव्याचा ट्रक

जॉन स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) या कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात काही पाने अशी आहेत, की ती बहुतेक वाचक चाळून पुढे जातात. ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या जोड कुटुंबाला वाटेत विल्सन दांपत्य भेटलेले आहे. त्यांच्या जुन्या डॉज मोटारीच्या इंजिनातून खडखडाट ऐकू येऊ लागतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेलेले असते. टॉम आणि अ‍ॅल हे दोघे भाऊ गाडीखाली शिरतात, भंगाराच्या आवारातून तसाच दुसरा रॉड मिळवतात आणि स्वतःच्या हातांनी बसवतात. स्टाइनबेक हे सारे घाई न करता, बोल्ट न् बोल्ट सांगत जातात. याच प्रकरणात, गाडी दुरुस्त होईपर्यंत बाकीच्यांनी पुढे निघावे अशी सूचना येते, तेव्हा आई जॅकचा दांडा हातात घेऊन कुटुंबाची फाटाफूट रोखते. त्या दांड्याविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. बेअरिंगविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या मते या दोन प्रसंगांना एकमेकांपासून तोडता येत नाही. कुटुंब एकत्र ठेवण्याचा आईचा हट्ट आणि परक्याची गाडी चालती करण्याची मुलांची खटपट ही एकाच मूल्याची दोन रूपे आहेत.

या पानांची आठवण होण्याचे कारण म्हणजे २००६ साली प्रसिद्ध झालेले मायकेल पेरी यांचे 'ट्रक : अ लव्ह स्टोरी' हे पुस्तक. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहानशा गावात राहणारा, तेथील अग्निशमन दलात स्वयंसेवक असलेला हा लेखक आपला १९५१ सालचा इंटरनॅशनल हार्वेस्टर पिकअप मेहुण्याच्या मदतीने पुन्हा उभा करतो. त्या वर्षभरात त्याची बाग, त्याचे प्रेम आणि त्याचा ट्रक हे तिन्ही विषय एकमेकांत गुंफले जातात. पुस्तक प्रसन्न आहे, विनोदी आहे. परंतु जोड बंधूंचे काम आणि पेरी यांचे काम शेजारी ठेवून पाहिले, की एक फरक जाणवतो आणि त्या फरकातून एक प्रश्न उभा राहतो. टॉम आणि अ‍ॅल गाडी दुरुस्त करतात. त्यांना उद्या सकाळी पुढे जायचे आहे. अमेरिकेत घराघरांच्या गॅरेजांत जुने पिकअप खोलून बसलेली माणसे मात्र मागे जाऊ पाहत असतात. त्यांच्या कामाला दुरुस्ती हा शब्द पुरत नाही. आपल्याकडे देवळांसाठी राखून ठेवलेला 'जीर्णोद्धार' हा शब्द ट्रकला लावताना थोडे हसू येईल. पण नेमका शब्द तोच आहे.

रॉबर्ट पिर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' (१९७४) आणि मॅथ्यू क्रॉफर्ड यांचे 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट' (२००९) ही या क्षेत्रातली दोन बहुचर्चित पुस्तके. हाताने काम करताना बुद्धी कशी चालते, हे दोघांनीही उत्तम सांगितले आहे. डोके घासलेला एकच स्क्रू निघेनासा झाला, की माणसाची सारी विद्वत्ता कशी थबकते, हे पिर्सिग यांनी दाखवले, ते वाङ्मयाच्या विद्यार्थ्यानेही वाचावे असे आहे. मात्र दोघांचाही मुख्य विषय देखभाल आणि दुरुस्ती हा आहे. वस्तूला तिचा भूतकाळ परत देऊ पाहणाऱ्या माणसापुढचा प्रश्न निराळा असतो : कोणता भूतकाळ, आणि कोणाचा?

उदाहरणासाठी शेव्हर्लेची 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' ही मालिका घेऊ. १९४७च्या उन्हाळ्यात ती बाजारात आली आणि १९५५च्या प्रारंभापर्यंत चालली. तिच्यातला अर्ध्या टनाचा ३१०० हा पिकअप आज हौशी मंडळींचा विशेष लाडका आहे. गोल मडगार्ड, आडव्या पट्ट्यांची जाळी, भुवया उंचावल्यासारखे दिवे. छायाचित्रात पाहिलेल्यालाही तो ओळखीचा वाटतो. पण तो विकला गेला शेतकऱ्याला, नळकाम करणाऱ्याला, किराणा पोहोचवणाऱ्याला. मूळ किमतीत त्याला मागे एकच दिवा मिळत असे, डावीकडचा. उजवा दिवा हवा असल्यास जादा पैसे. केबिन गरम करणारे हीटर जादा, रेडिओ जादा, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांतल्या वळणदार काचाही जादा. ज्याने यांतले काहीच घेतले नाही, त्याच्या त्या न घेण्यातही त्या वर्षीच्या पिकाचा, कर्जाचा, घरातल्या खाणाऱ्या तोंडांचा हिशेब असू शकतो. मागचा एकटा दिवा हा अशा अर्थाने एक दस्तऐवज आहे.

गॅरेजमधले प्रत्यक्ष काम चिकाटीचे असते. गंजून एकजीव झालेल्या बोल्टांना आदल्या रात्री पातळ तेल पाजून ठेवायचे, तरी न हलल्यास ज्योतीने तापवायचे, तरीही न ऐकल्यास कापायचे. सुटलेला प्रत्येक नट पिशवीत घालून चिठ्ठी लावायची, कारण चार हिवाळ्यांनंतर तो कोठला हे स्मरणातून गेलेले असते. लहान भागांचा गंज काढण्याची एक घरगुती रीत तर शाळेतल्या प्रयोगाची आठवण करून देते. टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी घ्यायचे, बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक लोखंडाच्या टाकाऊ तुकड्याला जोडायचे. रात्रभरात गंज सुटा होतो आणि टाकाऊ तुकडा स्वतः झिजत जातो. केबिनचे खालचे कोपरे बहुधा सडलेले असतात, कारण तेथे माती आणि काडीकचरा साचून ओल धरून ठेवतो. तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागतो, सांधा कानशीने घासून त्यावर लांबी भरावी लागते. पॉलिशपेपर फिरू लागला, की रंगाचे थर एकेक करून उघडे पडतात आणि क्वचित दारावर, दोन रंगांखाली, एखाद्या दुकानाची किंवा शेताची पुसट अक्षरे दिसू लागतात. जुन्या पोथीचे पान खरवडून त्यावर नवे लिहिलेले असावे आणि खालची शाई वर यावी, तसेच हे.

येथे गॅरेजमधला माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, संपादक होतो. ती अक्षरे ठेवायची की रंगाखाली कायमची झाकायची? गाडीचे कोणते रूप 'मूळ' मानायचे : कारखान्यातून आलेले, की पहिल्या मालकाने नाव रंगवल्यानंतरचे? इंजिनाचा प्रश्न आणखी अवघड. या ट्रकांत १९५३पर्यंत २१६ घनइंची, सहा सिलिंडरांचे इंजिन असे. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट हा मऊ मिश्रधातू ओतून बेअरिंग केलेले असे आणि रॉडच्या तळाशी असलेली पळी फिरता फिरता खालच्या पन्हळीतले तेल उचलून घेई. जोड बंधूंच्या हाताला लागलेले यंत्रज्ञान याच कुळातले. आज बॅबिट ओतून देणारे कारागीर थोडे आणि त्यांचे काम महाग. म्हणून अनेक जण २१६ काढून तेथे नंतरचे, सुट्या बेअरिंगांचे आणि दाबाने तेल फिरवणारे २३५ घनइंची इंजिन बसवतात. गाडी अधिक वेगाने, अधिक निर्धोकपणे धावते. निर्णय समंजस आहे. पण पाठ बदलला आहे, हेही तितकेच खरे.

आमचा आक्षेप या बदलाला नाही. आक्षेप आहे तो निराळ्याच एका प्रकाराला. हौद्याच्या तळाशी असलेल्या फळ्या मुळात सामान आदळण्यासाठी होत्या. शेव्हर्लेच्या या ट्रकांत त्या सामान्यतः पाइनच्या आणि रंग फासलेल्या असत. आज प्रदर्शनांत दिसतो तो आरशासारखा वार्निश केलेला ओक आणि त्यामध्ये लकाकणाऱ्या पोलादी पट्ट्या. त्यावर खताचे पोते ठेवण्याची कोणाची छाती होईल? दिवे दोन्ही, हीटर आहे, रेडिओ आहे, कोपऱ्यांतल्या काचा नसल्यास केबिनचा पत्रा कापून त्याही बसवलेल्या. आणि शेजारच्या पाटीवर लिहिलेले असते, 'मूळ रूपात आणलेला'. असे मूळ कोणत्याही शेतकऱ्याच्या अंगणात कधी उभे राहिले नव्हते. कष्टाच्या वस्तूवरून कष्ट तेवढे पुसून टाकले आणि गरीब आजोबांच्या अंगावर श्रीमंताचा कोट चढवून त्यांचे छायाचित्र काढले, असा हा प्रकार आहे.

हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक यांनी असे मांडले, की जीर्णोद्धार म्हणजे इमारतीला अशा पूर्णावस्थेत नेणे, जी पूर्वी कधीच अस्तित्वात नसेल. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ सालीच अशा कामाला खोटेपणा ठरवले होते. मराठीच्या अभ्यासकालाही हा पेच घरचाच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या उपकाराची परतफेड होणार नाही. तरीही त्यांच्यापुढे कोणते पाठ होते आणि त्यांतले कोणते त्यांनी बाजूला सारले, हे आपल्याला त्या प्रतीवरून कळत नाही. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची प्रत छापली, तिच्या मागे हीच तहान होती. याउलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. वि. स. सुखठणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीत नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी नोंदलेले आहेत आणि निवडलेला पाठ पुरेसा निश्चित नसेल, तेथे त्याखाली नागमोडी रेषा आहे. ती रेषा म्हणजे संपादकाचा प्रामाणिकपणा. १९६२च्या लेखननियमांनंतर जुन्या पुस्तकांच्या अनेक पुनर्मुद्रणांतून अनुच्चारित अनुस्वार निघून गेले. तसे केल्याची एक ओळही प्रत्येक पुस्तकात सापडत नाही. वार्निश केलेल्या ओकची फळी आपल्याही कपाटात आहे.

यावर दोन प्रतिवाद संभवतात. पहिला असा, की ट्रक ज्याचा त्याचा आहे. ती काही ज्ञानेश्वरी नव्हे. हे मान्य. लाखो ट्रक निघाले आणि एखाद्याने आपला ट्रक जांभळा रंगवला, तर संस्कृती बुडत नाही. आमचे म्हणणे फक्त 'मूळ' या शब्दापुरते आहे. जांभळा रंगवावा आणि जांभळा म्हणावे. दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे. गंजाला इतिहास मानून हात न लावल्यास तो इतिहासच एके दिवशी भुगा होऊन पडेल. हेही खरे. शिवाय गंजलेपणाच्या कौतुकाचेही आता सोंग झाले आहे. नव्या पत्र्यावर रंगाने गंजाचे डाग काढून वर पारदर्शक लेप देणारे कारागीर आहेत. झिजेची नक्कल ही चकाकीइतकीच खोटी. दोन्हींत श्रमाचा देखावा आहे आणि श्रम करणारा नाही.

तेव्हा मार्ग कोणता? रोमच्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी चित्रांच्या बाबतीत तो सांगून ठेवला आहे. झडलेला भाग भरावा, पण बारीक उभ्या रेघांनी; दुरून चित्र अखंड दिसावे आणि जवळ गेल्यावर भर कोठे घातली आहे, ते उघड व्हावे. गॅरेजमध्ये याचा अर्थ अगदी साधा आहे. सडलेला पत्रा खुशाल बदलावा, पण सांध्याची आतली बाजू घासून नाहीशी करू नये. २३५चे इंजिन बसवावे आणि २१६ कोपऱ्यात तेल लावून जपून ठेवावे. रात्री रस्त्यावर न्यायचा ट्रक असेल, तर उजवा दिवा अवश्य लावावा. मागून येणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. मात्र तो आपण लावला, अमुक वर्षी लावला, हे एका वहीत लिहून ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी. दारावरची अक्षरे झाकावीच लागली, तर आधी त्यांचे छायाचित्र त्या वहीत चिकटवावे. पुढच्या वाचकासाठी तळटीप ठेवणे म्हणतात ते हेच.

एवढा खटाटोप एका ट्रकासाठी कशाला, असे विचारणाऱ्याला आम्ही पुन्हा सोळाव्या प्रकरणाकडे नेऊ. जोड कुटुंबाचा स्वतःचा ट्रकही मुळात ट्रक नव्हता; हडसन सेडान कापून तो केलेला होता. तो आज कोणाच्या गॅरेजमध्ये आला असता, तर जाणकारांनी त्याचे काय केले असते? बहुतेकांनी कापलेला भाग जोडून, मूळ सेडान परत आणून, तिला प्रदर्शनात नेले असते. सगळे भाग बिनचूक बसले असते आणि कॅलिफोर्नियाला निघालेले ते सारे कुटुंब तिच्यातून कायमचे खाली उतरले असते.