पावती फाडण्याआधी उताराचं विचारा

गणपतीच्या मांडवाची बोलणी सध्या गल्लोगल्ली चालू आहेत. मूर्ती सांगून झाली, देखाव्यावर वाद चाललाय, ढोलपथकाची तारीख पक्की झाली, मांडववाल्याला आगाऊ रक्कम तेवढी द्यायची राहिली आहे. ती देण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. चाकाची खुर्ची वापरणारा माणूस तुमच्या मांडवात आपला आपण कसा येणार? एकदा वासे उभे राहिले, चौथरा ठोकला, की कुणी काही हलवत नाही. "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. पुढच्या वर्षी लवकर या असं गणपतीला सांगतात, शेजाऱ्याला नाही.

नेहमीचा मांडव डोळ्यांसमोर आणा. दर्शनाची रांग बांबूंच्या कठड्यातून वळणं घेत जाते, शेवटी तीन-चार पायऱ्या, मग मूर्ती. खुर्ची पहिल्याच वळणावर अडते. कार्यकर्ते धावून येतात, "आम्ही आहोत ना, उचलून नेतो!" मन मोठं आहे, शंका नाही. पण चौघं खुर्चीला हात घालतात तेव्हा एखादा हमखास खुर्चीचा हात धरतो, आणि बऱ्याच खुर्च्यांचे हात काढता-घालता येणारे असतात. भार आला की तो निसटून वर येतो. बॅटरीवर चालणारी खुर्ची तर माणसासकट शंभर किलोच्या पुढे जाते. खाली ओली फळी, मागून रांगेचा रेटा. अनोळखी पुरुषांनी उचलायचं या कल्पनेनेच किती बायका घरी बसून राहतात, त्याची नोंद कुठल्या मंडळाच्या अहवालात नसते. कधी यायचं, मूर्तीपुढे किती वेळ थांबायचं, केव्हा निघायचं हे ज्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. चौघांच्या हातांवर असलेल्या माणसाला ते ठरवता येत नाही.

सहा फुटी प्लायची फळी टेकवली की उतार झाला, असं मांडववाल्यांना वाटतं. ती घसरगुंडी झाली. हिशेब सोपा आहे : एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. चौथरा दोन फुटांचा असेल तर उतार चोवीस फुटांचा हवा. पेठेतल्या गल्लीत चोवीस फूट कुठून आणायचे, असं विचाराल तर तेही खरं. मग चौथराच काढा. मूर्ती हवी तितकी उंच बसवा, माणसं मात्र जमिनीवरून जाऊ द्या. यात खर्च वाढत नाही, उलट फळ्या वाचतात. उतार करायचाच झाला तर चार फूट रुंद करा, दोन्ही बाजूंना धरायला दांडा द्या, आणि चाक कडेवरून खाली जाऊ नये म्हणून काठाला लाकडी पट्टी ठोका. भाद्रपदातला पाऊस विसरू नका. सैल अंथरलेला गालिचा भिजला की चाकाखाली गोळा होतो. अंथराल ते ताणून, ठोकून बसवा. रांगेची वाट निदान तीन फूट रुंद असू द्या, वळणावर पाच फूट मोकळे ठेवा. आणि जनरेटरच्या वायरी, हात जोडून सांगतो, वाटेत नकोत.

चाकाच्या खुर्चीवर सगळं संपत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. दृष्टिहीन माणूस मांडवात येतो तेव्हा त्याच्या कानावर काय पडतं? "पुढे चला, पुढे चला." मूर्ती बसलेली की उभी, मागे महाल की डोंगर, हे सांगायला एक बोलका कार्यकर्ता पुरतो. त्याच घडणीची वीतभर मूर्ती हाताळायला ठेवलीत तर फारच छान. हलत्या देखाव्याचं निवेदन कर्णबधिरांसाठी पडद्यावर अक्षरांत दाखवा. पडदा तुमच्याकडे असतोच, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो फिरत असतात. खाली दोन ओळी सहज मावतील. स्वमग्न मुलांसाठी रोज एक तास स्पीकर आणि लुकलुकते दिवे बंद ठेवा आणि ती वेळ फलकावर लिहा. त्या तासाला तान्ही बाळं आणि आजी-आजोबाही येतील, बघा.

यात मेहेरबानी कसली? तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त अपंग व्यक्तींची नोंद झाली, तीही जुन्या, मोजक्या प्रकारांनुसार. २०२५ मध्ये सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हटलं. मग राज्यातली एवढी माणसं मांडवाबाहेर का? जमत नाही, हे तर सांगूच नका. मतदानाच्या दिवशी त्याच गल्लीतल्या शाळेच्या दाराशी लाकडी उतार येतो, चाकाची खुर्ची येते, ती ढकलायला स्वयंसेवकही येतो.

मंडळं उत्सवात अपंगांना साहित्य वाटतात, चांगलंच आहे. फक्त स्टेजला पायऱ्या असतात, त्यामुळे नवी कोरी खुर्ची वर झळकते आणि ती ज्याला मिळणार तो खाली ताटकळतो. (फोटोसाठी प्रमुख पाहुणे खाली उतरतात, तेवढाच त्यांना व्यायाम.) त्या माणसाला कार्यकारिणीत घ्या. अपंग मुलांना वक्तृत्वात, चित्रकलेत सगळ्यांबरोबर उतरवा, उत्तेजनार्थ 'विशेष' बक्षीस नको. आरतीचं ताट एखाद्या दिवशी त्यांच्या हातात द्या.

प्रतिष्ठापनेच्या दोन दिवस आधी वस्तीतल्या खुर्चीवाल्यांना, पांढऱ्या काठीवाल्यांना बोलवा आणि रस्त्यापासून मूर्तीपर्यंत जाऊन पाहू द्या. कमानीचा पाय पदपथाच्या उतारावरच रोवलाय, हे त्यांना पहिल्या मिनिटात कळेल. मांडववाला तिथे असतानाच दुरुस्त करून घ्या.

आता जे मंडळात नाहीत त्यांच्यासाठी. पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात येतील तेव्हा त्यांना विचारा : चौथरा किती उंच, उतार किती लांब, शांत तास कितीचा? उत्तर नसेल तर वर्गणी अडवू नका. पाचशे देणार असाल तर त्यातले शंभर 'उतारासाठी' असं पावतीवरच लिहून घ्या. खजिनदाराला मग ते शंभर जमाखर्चात कुठेतरी दाखवावे लागतील. गल्लीतल्या वीस घरांनी असं केलं की मांडववाल्याला फोन जातोच.