आधी ब्लड कल्चर, मग अँटिबायोटिक

सातारा-सांगलीतले अनेक गंभीर रुग्ण कराड किंवा मिरजेला पोहोचतात, तेव्हा त्यांना गावातच अँटिबायोटिक देऊन झालेले असते. इथेच घोळ होतो. रक्तातल्या जंतूंवर कोणते औषध चालेल, हे ब्लड कल्चर सांगते. पण डोसनंतर नमुना घेतला, तर जंतू सापडण्याची शक्यता घटते. मग डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते आणि जंतू दाद देत नसतील, तर महागडे इंजेक्शनही वाया जाते. २०१९ मध्ये जगात अशा जंतूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

म्हणूनच तालुक्याच्या रुग्णालयातच पहिल्या डोसआधी नमुना घेऊन पुढे पाठवण्याची सोय हवी. उपचार मात्र रिपोर्टसाठी थांबवू नयेत. नातेवाइकांनीही विचारावे, ‘डॉक्टर, कल्चर पाठवले का?’