क्लास लावण्याआधी आठवडा मोजा

परवा भाची पेढे घेऊन आली. तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. पेढा हातावर ठेवला आणि लगेच वहीचं पान पुढं केलं. "मावशी, एवढं सगळं जमेल का गं?" पानावर यादी होती : कॉलेज, अकाउंटचा क्लास, एमएस-सीआयटी, टॅली, इंग्लिश स्पीकिंग आणि रविवारी स्पर्धा परीक्षेची बॅच. तिच्या आईचं म्हणणं, "शेजारचीनं चार लावलेत, हिनंच का मागं राहायचं?"

मैत्रिणींनो, निकालानंतर घरोघरी हेच चालतं. आपल्याला जे शिकता आलं नाही, ते लेकीनं पहिल्याच वर्षात उरकावं असं वाटतं. त्यात मायाच असते. पण तिचा आठवडा आपण मोजतच नाही.

आम्ही दोघींनी तो मोजला. नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आलं. त्यात एका सत्राला साधारण 20 ते 22 क्रेडिट असतात. एक क्रेडिट म्हणजे तास, प्रात्यक्षिक, घरचा अभ्यास सगळं धरून 30 तासांचं काम. 22 क्रेडिटचे झाले 660 तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 44. म्हणजे नुसतं कॉलेज नीट करायचं तरी ती एक पूर्ण वेळची नोकरीच झाली की!

आता बाकीचं. एसटीचं जाणं-येणं रोज दोन तास, सहा दिवसांचे 12. झोप 56. जेवण, आंघोळ, आवरणं 21. मी विचारलं, "आणि घरकाम?" तर म्हणाली, "ते काय लिहायचं?" सकाळचं पाणी, संध्याकाळच्या भाकऱ्या, भांडी धरून रोजचे दोन तास तरी होतात. आठवड्याचे 14. एकूण 147. आठवड्याचे तास 168. उरले 21. यादीतले चार क्लास रोज तासाचे धरले तरी 24, वर रविवारचे तीन. कुठून आणायचे? मग आधी झोप जाते, नंतर वाचन जातं, आणि शेवटी पोरगी म्हणते, "मला अभ्यास जमतच नाही." खरं तर तिला वेळच मिळालेला नसतो.

तिच्या भावाच्या यादीत हे 14 तास नाहीत. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषांची 88. हा धडा आपण मुलींकडून लवकरच गिरवून घेतो.

कुणी म्हणेल, कॉलेजात तासच होत नाहीत, मग क्लास नको का? खरंय, काही ठिकाणी तसं आहे. म्हणून महिनाभर थांबावं, कुठला विषय कळत नाही ते बघावं आणि फक्त त्याचा क्लास लावावा. एमएस-सीआयटी उन्हाळ्याच्या सुट्टीत होतं. टॅली जमाखर्च समजल्यावर सोपी जाते. राज्यसेवेला पदवी लागते, तेव्हा पहिल्याच सत्रात ती घाई नको. पदवीला सहा सत्रं आहेत, सगळं पहिल्यातच कशाला कोंबायचं?

माझं म्हणणं एवढंच : पहिल्या सत्रात कॉलेज आणि जास्तीत जास्त एक क्लास. तोही मुलीनं निवडलेला. गुण हाती आले की पुढचं ठरवावं.

भाचीनं चार नावांवर काट मारली, इंग्लिश स्पीकिंग ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाली, "वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते गं." हे ना तिच्या आईला ठाऊक होतं, ना मला. जाताना मी वहिनीला फोन लावला. "क्लास कमी झाले म्हणून हिच्या अंगावर काम वाढवू नका हं," म्हटलं. पलीकडं क्षणभर कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "बरं. सकाळचं पाणी उद्यापासून दादू भरेल."

तुमच्या घरीही यंदा कुणाला प्रवेश मिळाला असेल, तर क्लासची फी भरण्याआधी वहीचं एक पान काढा. आणि घरकाम लिहायला विसरू नका.