कप शंभर मिलीचा, हिशोब शंभर ग्रॅमचा

गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि आइस्क्रीमवरचा कर १८ टक्क्यांवरून एकदम ५ टक्क्यांवर आला. त्या दिवशी घटस्थापना होती. चर्चा झाली ती मोटारींच्या आणि टीव्हीच्या किमतींची. आइस्क्रीमकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आता ऊन तापू लागले आहे आणि स्वस्त झालेल्या आइस्क्रीमचा हा पहिलाच उन्हाळा आहे. दुकानातल्या फ्रीजरवर ‘एकावर एक मोफत’ची पट्टी असतेच. ती बहुधा मोठ्या डब्यावर असते, छोट्या कपावर नाही.

याच दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, यांना आइस्क्रीम चालेल का?’ तो विचारणारा बहुतेक वेळा रुग्ण नसतो, सोबत आलेली सून किंवा मुलगी असते. रुग्ण तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत असतो. बाहेर रांग मोठी असल्यामुळे उत्तरही ठरलेले असते : ‘नाही.’ इतक्या छोट्या उत्तराने प्रश्न मिटला असता तर बरे झाले असते. प्रत्यक्षात रुग्ण लग्नात, बारशाला, नातवंडांबरोबर गुपचूप खातो. पुष्कळदा ‘आज गोड होणार आहे’ म्हणून साखरेची गोळी स्वतःच्या मनाने वाढवून घेतो. इथे खरा धोका सुरू होतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, विशेषतः वय झालेल्या आणि मूत्रपिंड अशक्त असलेल्या माणसाची. आणि साखर उतरली म्हणून घाम फुटलेल्या रुग्णाला घरचे फ्रीजमधले आइस्क्रीमच भरवायला जातात. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. आइस्क्रीम हा त्यावरचा उपाय नाही.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त, सुमारे साडेतेरा कोटी लोक, त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या सगळ्यांना ‘नाही’ सांगून ते ऐकतील, हे खरे नाही. ‘किती चालेल’ हे सांगता आले पाहिजे. आणि नेमका हा ‘किती’ आइस्क्रीमच्या बाबतीत काढायला फार अवघड आहे.

कारण आहे हवा. आइस्क्रीम तयार करताना मिश्रण गोठत असतानाच घुसळून त्यात हवा भरली जाते. ही भेसळ नव्हे. हवा नसती तर चमचा आत शिरला नसता. पण त्यामुळे शंभर मिली आइस्क्रीमचे वजन शंभर ग्रॅम भरत नाही. आपल्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या मानकाप्रमाणे एक लिटर आइस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. म्हणजे जवळजवळ अर्धा डबा हवेचा असला तरी तो नियमात बसतो. बहुतेक कपांवर मोठ्या अक्षरांत आकार लिहिलेला असतो तो मिलीमध्ये, आणि मागच्या बाजूला बारीक टाइपात पोषणतक्ता असतो तो अनेकदा शंभर ग्रॅमचा. दोन्ही आकडे खरे, पण दोन वेगळ्या मापांचे. चष्मा विसरून दुकानात गेलेल्या आजोबांनी यातून काय काढायचे?

हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. मानकाप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचे स्निग्धांश किमान १० टक्के आणि एकूण घन पदार्थ किमान ३६ टक्के असावे लागतात. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये १० ग्रॅम स्निग्धांश, साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि वीस-बावीस ग्रॅम साखर, त्यातली सहाएक ग्रॅम दुधाची स्वतःची. सगळे मिळून १९० ते २०० उष्मांक होतात. पण शंभर मिलीच्या कपात जेमतेम ५३ ग्रॅम माल असेल, तर उष्मांक शंभरच्या आसपास आणि वरून घातलेली साखर आठ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचेसुद्धा नाही.

हा आकडा सांगितला की रुग्णांचा विश्वास बसत नाही. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा घेणारा माणूस रोज तीस ते चाळीस ग्रॅम साखर पोटात घालतो, बाराही महिने, आणि त्याच्या मते तो ‘गोड खात नाही’. त्या चहाच्या तुलनेत आठवड्यातून एकदा खाल्लेला व्हॅनिलाचा छोटा कप अगदीच गरीब आहे.

पण माणसे कपावर थांबतात कुठे? ७०० मिलीचा फॅमिली पॅक किमान वजनाचा धरला तरी त्यात सातशे उष्मांक आणि पन्नास-पंचावन्न ग्रॅम साखर असते. चौघांनी वाटून खाल्ला तर माणशी पावणेदोनशे उष्मांक. क्रिकेटचा सामना बघत दोघांनी संपवला तर साडेतीनशे, म्हणजे दोन-तीन पोळ्यांचे. कोनला वेफर आणि चॉकलेट असते, कांडीला चॉकलेटचे कवच. त्या कवचातल्या प्रत्येक ग्रॅमला पाचाहून जास्त उष्मांक. पुण्याची मस्तानी हा तर वेगळाच हिशोब. पेलाभर दूध, त्यात घुसळलेले आइस्क्रीम, आंब्याचा गर किंवा सरबत आणि वर पुन्हा एक गोळा. घरी केली तरी चारशेच्या घरात जाते. मस्तानी पिऊ नये असे नाही, पण ती जेवणानंतरची मुखशुद्धी नसून स्वतःच एक जेवण आहे, हे धरून चालावे.

कुल्फीबद्दलही एक गैरसमज पक्का आहे. ती देशी, आटवलेल्या दुधाची, म्हणून हलकी. पारंपरिक कुल्फीत हवा घुसळतच नाहीत. साठ मिलीची मटका कुल्फी साठ ग्रॅमहून जरा जास्तच भरते. म्हणजे शंभर मिलीच्या आइस्क्रीमच्या कपापेक्षा ती जड. ताज्या फळांच्या घट्ट, महाग आइस्क्रीमचेही तेच. किंमत जास्त, हवा कमी आणि त्याच आकाराच्या गोळ्यात उष्मांक जास्त. स्वस्त, फुगवलेल्या आइस्क्रीमला नाके मुरडणाऱ्यांनी निदान एवढे तरी मान्य करावे की हवेला उष्मांक नसतात.

‘शुगर फ्री’चा डबा घेऊन निश्चिंत झालेला रुग्ण ही दुसऱ्या टोकाची अडचण. साखर काढली तरी स्निग्धांश तिथेच असतात आणि साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल येते. माल्टिटॉलने रक्तातली साखर कमी वाढते, पण वाढते. शिवाय हे पदार्थ जास्त झाले तर पोट बिघडते. आणि ‘यात साखर नाही’ म्हणून माणूस दोन वाट्या घेतो, मग उरलेसुरले गणितही कोलमडते. ‘नो अॅडेड शुगर’ असे लिहिलेले असेल तर दुधातली साखर त्यात आहेच.

फ्रोझन डेझर्टचा मामला याहून वेगळा. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पतिजन्य तेल असते आणि तसे वेष्टनावर लिहिणे बंधनकारक आहे. अमूलच्या एका जाहिरातीवरून हिंदुस्तान युनिलिव्हर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, ती याच भेदावरून. वजनाच्या काळजीत असलेल्या माणसाने या भांडणात फार पडू नये. तेल असो वा साय, एका ग्रॅमला नऊच उष्मांक.

जास्त खाण्याचा दोष रुग्णाच्या जिभेला देणे सोपे आहे. संशोधन मात्र भांड्याकडे बोट दाखवते. २००६ साली अमेरिकेतला एक प्रयोग गाजला होता. आइस्क्रीमच्या मेजवानीला आलेल्या पोषणतज्ज्ञांना मोठे बोल दिले, तर त्यांनी नकळत ३१ टक्के जास्त वाढून घेतले. हा आकडा अजूनही सगळीकडे उद्धृत होतो. ते करणारे ब्रायन वॉनसिंक यांचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना संशोधनातील गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले, हे सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा ३१ टक्के बाजूला ठेवावेत. २०१५ सालच्या कोक्रेन आढाव्याने अनेक स्वतंत्र प्रयोग एकत्र तपासले आणि दिशा तीच निघाली : समोर मोठा वाढा, मोठे पाकीट किंवा मोठे भांडे आले की लहानथोर सगळेच जास्त खातात. म्हणून डबा टेबलावर आणून चमच्याने खाण्यापेक्षा लोणच्याच्या वाटीत काढून घ्यावे आणि डबा परत फ्रीजरमध्ये ठेवून मगच खायला बसावे. एकाच चवीची गोडी पहिल्या काही घासांनंतर उतरत जाते, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. सातव्या-आठव्या चमच्यानंतरचे आइस्क्रीम बरेचसे सवयीने खाल्ले जाते.

आता सरकारकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर ‘आरोग्य कर’ लावण्याचा विचार व्हावा, असे सुचवले होते. मे महिन्यात सीबीएसईने शाळांना ‘साखर फलक’ लावायला सांगितले. जुलैत नागपूरच्या एम्समधल्या फलकांवरून समोसा-जिलेबीची बातमी देशभर गाजली आणि अशा पदार्थांवर इशारा छापण्याचा आदेश दिलेला नाही, असा खुलासा केंद्राला करावा लागला. मग सप्टेंबरमध्ये आइस्क्रीम, चॉकलेट आणि बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. त्याच निर्णयात साखरेच्या फसफसत्या शीतपेयांना मात्र ४० टक्क्यांचा टप्पा लावला गेला. आइस्क्रीममध्ये दूध आहे, त्यावर शेतकऱ्याचे पोट आहे, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण मग जो पदार्थ मुद्दाम स्वस्त केला, त्याचे माप तरी ग्राहकाला सरळ कळायला हवे होते.

ते कळत नाही, याला आणखी एक कारण आहे. पोषणतक्त्यात एका वाढ्यातून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळते, ते छापावे लागते. साखरेची ही टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम धरून काढलेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेने मात्र मर्यादा सांगितली आहे ती २५ ग्रॅमच्या आतली. म्हणजे कपातली आठ ग्रॅम साखर वेष्टनावर १६ टक्के दिसते आणि मार्गदर्शिकेप्रमाणे ती ३२ टक्के असते. वाचणाऱ्याने हा आकडा सरळ दुप्पट करून वाचावा. ‘एक वाढा’ किती ग्रॅमचा, हे ठरवणारी कंपनीच.

वेष्टनाच्या दर्शनी भागावर ठळक सूचना असावी की नाही, हा वाद तर कित्येक वर्षे चालू आहे. २०२२ मध्ये एफएसएसएआयने ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला. साखरेने भरलेल्या पदार्थालाही सुकामेवा घातला की तारे मिळतील, म्हणून त्यावर टीका झाली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत दिली, पुढे ती वाढवूनही दिली. चिलीसारख्या देशात २०१६ पासून काळे अष्टकोनी शिक्के आहेत आणि त्यांचा उपयोग आहे. पण आइस्क्रीमपुरते बोलायचे, तर शंभर ग्रॅमच्या हिशेबाने मारलेला शिक्का पन्नास मिलीच्या कपावर आणि दोन लिटरच्या डब्यावर सारखाच दिसणार. घरातल्या माणसाला हवा आहे तो एकच आकडा : हा कप, ही कांडी, हा कोन पूर्ण खाल्ला तर किती उष्मांक आणि किती साखर. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे उष्मांक लिहिण्याची सक्ती आधीच आहे. जे पार्लरच्या फलकावर जमते, ते कपाच्या झाकणावर जमायला हरकत नसावी.

तोवर बाह्यरुग्ण विभागात ‘नाही’ऐवजी थोडे लांब उत्तर द्यावे लागेल. ज्यांची साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे, त्यांना आठवड्यातून एखादा छोटा कप चालतो. तो रिकाम्या पोटी नको, भाजी, डाळ असलेल्या जेवणानंतर घ्यावा, आणि त्या जेवणातली एक पोळी किंवा भाताची मूद कमी करून. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी तपासून पाहावे. स्निग्धांशामुळे साखर कधी कधी त्याहूनही उशिरा चढते. गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने वाढवू नये. साखर तीनशेच्या वर फिरत असेल, तर आधी ती खाली आणायची, आइस्क्रीमचे नंतर बघू.

आणि सुनेला सांगायचे, डबा नको, कप आणा. यावर ती विचारते, ‘कुठला आणू?’ टेबलावर ठेवलेले दोन रिकामे कप उलटेपालटे करून, भिंग घेऊन, मिलीचे ग्रॅम करून ते तिला सांगेपर्यंत बाहेरच्या रांगेतली आणखी चार माणसे दारात येऊन उभी राहिलेली असतात.